थ्री-सेव्हन्टी-फाइव्हच्या बाजूने

मॅग्नम, म्हणजे जास्त दारूच्या जोरकस काडतुसांच्या, रायफलींच्या कॅलिबरवर (गोळीची जाडी, इंचांत) वाद घालायला पदरी रायफल असावी लागत नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात ज्याच्या घरी पीक संरक्षणाच्या परवान्यावरची एखादी बारा बोअर एकनळी आहे, आणि निवडणूक आली की तीही ठाण्यात जमा होते, असा माणूससुद्धा वाळपईच्या हॉटेलात बसून .४१६ बरी की .४५८ यावर चहा निवेपर्यंत बोलू शकतो. मी त्यातलाच एक. फरक इतकाच की यंदा मला कुणीतरी खरोखर विचारलं. माझा मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे भाई म्हणतो, बरीच वर्षं जोहान्सबर्गला नोकरीला आहे. त्याने लिंपोपो प्रांतातल्या एका खाजगी रानात केप बफेलोची शिकार ठरवली आणि मला मेसेज टाकला, ‘तू या विषयावर इतकं वाचतोस, सांग पळोवया, कुठली घेऊ?’

उत्तर मला तोंडपाठ होतं: .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) मॅग्नम. का, ते सांगताना मात्र मेसेज लांबत गेले.

आधी एक मोकळं करतो. मी शिकारी नाही आणि इथं व्हायचंही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा विषयच संपला. गवा तर अनुसूची एकमधला, त्याला मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद. शिवाय तो गोव्याचा राज्यप्राणी. पोर्तुगीज अमदानीतल्या पारधीच्या गोष्टी म्हातारी माणसं अजून रंगवून सांगतात. त्यांतलं किती खरं आणि किती फेणीचं, ते ऐकणाऱ्याने ठरवावं. भाईच्या बफेलोबद्दलही घरात सगळ्यांचं एकमत नव्हतं. मामी तर महिनाभर त्याच्याशी धड बोलली नाही. मला स्वतःला त्या शिकारीपेक्षा त्या प्रश्नात जास्त रस आहे: एवढं मोठं जनावर, आणि त्याच्या समोर बोटाएवढा धातूचा तुकडा. तो किती जाड, किती जड आणि किती वेगवान असावा?

या प्रश्नाची गोडी मला पुस्तकाने लावली नाही, गव्याने लावली. आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-केळीची बाग, म्हादई अभयारण्याच्या कडेला आहे. पावसाळ्यात एकदा संध्याकाळी पाटाचं पाणी वळवायला गेलो तर पलीकडे केळीत एक नर उभा. मधे पाट आणि गुडघाभर उंचीचा गडगा, बस. अंगावर तेल चोपडल्यासारखी काळी चकाकी, गुडघ्यापर्यंत पांढरे पाय, शिंगांच्या मधला कपाळाचा राखी उंचवटा. खाणं थांबवून त्याने एकदा जोरात श्वास सोडला, तो मला अंगावर आल्यासारखा ऐकू आला. मग तो निघाला. गडग्यावरून त्याने उडी मारली नाही, नुसता चालत गेला. वरचे दगड त्याच्या पोटाला लागून घरंगळले आणि त्याला त्याची दादही नव्हती. मोठा नर खांद्याशी सहा फुटांच्या आसपास आणि वजनाला हजार किलोपर्यंत भरतो. आफ्रिकेतला केप बफेलो याच्यापेक्षा हलका, साधारण सातशे किलोचा. स्वभावाने मात्र तो जास्त खुनशी, असं तिथली माणसं सांगतात.

हा देह डोळ्यांसमोर ठेवून कॅलिबरचे आकडे वाचले की ते बोलायला लागतात. .३०० विंचेस्टर मॅग्नम १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला २,९६० फूट वेगाने फेकते. ऊर्जा ३,५०० फूट-पाउंड. .३७५ ची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास, वेग २,५३० फूट, ऊर्जा ४,२६० च्या घरात. .४१६ रिग्बी ४०० ग्रेन आणि २,४०० फूट, ऊर्जा ५,१०० च्या वर. .४५८ विंचेस्टर मॅग्नम ५०० ग्रेन, २,०४० फूट, ४,६२०. वाळपईचा वाद इथंच संपतो: ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. पण ऊर्जेच्या हिशेबात वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे वेगवान गोळी कागदावर आहे त्याहून थोर दिसते. गव्याच्या खांद्याआड आधी जाड, चिखललेलं कातडं, मग मांस, मग हाड, आणि त्यानंतर फुप्फुस. तिथवर सरळ पोचायला गोळीला वजन लागतं, आणि जाडीच्या मानाने लांबी लागते.

याचा सगळ्यात सोपा पुरावा आपल्याच घरी आहे. बारा बोअरच्या एलजी काडतुसातला एकेक छर्रा .३६ इंच जाडीचा असतो, म्हणजे .३७५ च्या गोळीइतकाच म्हणा ना. पण तो वाटोळा, आणि वजन सत्तर ग्रेनच्या आसपास. त्याच जाडीची गोळी लांबट करून तीनशे ग्रेनची केली आणि पिळाच्या नळीतून सोडली की ती बफेलोच्या एका खांद्यातून शिरून दुसऱ्या खांद्याच्या कातड्याखाली सापडते. छर्रा मात्र गव्याच्या कातड्यातच रुतून बसतो. भोक दोघांचंही सारखंच.

आता .३७५ कडे येतो, कारण मन तिथंच रमतं. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने हे काडतूस १९१२ साली काढलं. त्याची पितळी केस हातात धरली की दोन गोष्टी लगेच दिसतात. एक म्हणजे ती बुडापासून तोंडापर्यंत निमुळती होत जाते, खांदा, म्हणजे केस जिथं एकदम अरुंद होते तो भाग, जवळपास नाहीच. दुसरं, बुडाशी एक जाडसर पट्टा आहे. दोन्हींचं कारण त्या काळच्या दारूत आहे. इंग्रज तेव्हा कॉर्डाइट वापरत, लांब काड्यांच्या रूपात. कॉर्डाइटची खोड अशी की ते उन्हात तापलं की नळीतला दाब वाढतो. लंडनच्या थंडीत नीट चालणारं काडतूस आफ्रिकेत किंवा हिंदुस्थानात एप्रिलच्या दुपारी नळीच्या खोलीतच (चेंबरमध्ये) अडकून बसायचं, केस फुगून घट्ट. पुढे जखमी जनावर आणि हातात न उघडणारा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा आणि बाहेर काढणारा दांडा. निमुळती केस जरा मागे सरकली की चारी बाजूंनी सुटते. म्हणून तो आकार. पण खांदा इतका उतरता ठेवला की काडतूस खोलीत नेमकं किती आत जाऊन थांबावं, याला आधार राहत नाही. म्हणून तो पट्टा. गंमत म्हणजे पुढे १९६३ साली .३०० विंचेस्टर मॅग्नम आली, तिला चांगला उठावदार खांदा आहे, पट्ट्याची काही गरज नाही, तरी पट्टा आहेच. मॅग्नम म्हटल्यावर गिऱ्हाइकाला पट्टा दिसायला हवा ना.

.४१६ रिग्बी .३७५ च्या एक वर्ष आधीची, १९११ ची. तिने उन्हाचा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला: केसच एवढी मोठी केली की दाब कमीच राहील. म्हणून त्या काडतुसाचा घेर बघून पहिल्यांदा माणूस दचकतो. पट्टा नाही, लबाडी नाही, चारशे ग्रेनची गोळी. हे काडतूस मला मनापासून आवडतं आणि भाईला ते मी घेऊ दिलं नाही, त्याचं कारण पुढे येईल.

.४५८ ची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजी दुनळ्या रायफली महाग झाल्या, त्यांची काडतुसं दुर्मिळ होत चालली, तेव्हा विंचेस्टरने १९५६ साली अमेरिकन कारखान्यातली परवडणारी हत्तीची रायफल काढली. साध्या .३०-०६ या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या लांबीच्या बोल्टमध्ये बसावं म्हणून केस अडीच इंचांवर तोडली. आता एवढ्याशा केसमध्ये पाचशे ग्रेनची गोळी आणि तिला पुरेल एवढी दारू कशी मावायची? गोणीत सुपारी पायाने दाबून भरावी तशी ती दाबून भरली. काही काडतुसांतली दारू काळाने घट्ट झाली, नीट पेटेना, आणि छापील वेग प्रत्यक्षात मिळेना. १९५९ साली जॅक लॉट नावाच्या अमेरिकन शिकाऱ्याला मोझांबिकमध्ये बफेलोने चांगलंच तुडवलं. त्यातून उठल्यावर त्याने .४५८ वर विश्वास ठेवायचं सोडलं आणि १९७१ मध्ये केस लांब करून .४५८ लॉट बनवली, तीच गोळी २,३०० फुटांनी. सोय अशी की लॉटच्या रायफलीत वेळ पडली तर साधं .४५८ विंचेस्टरही झाडता येतं. आजच्या दारूमुळे जुन्या .४५८ ची ती खोड गेली आहे, पण बदनामी अजून गेलेली नाही. मोझांबिक म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीला परकं नाव नव्हतं. पोर्तुगीज कागदांवर इथली कितीतरी माणसं तिथं नोकरीला गेली, त्यामुळे लॉटची गोष्ट घरात सांगितली की कुणीतरी विचारतंच, ‘मोझांबिक म्हणजे कुठं, बैरा की लोरेन्सु मार्किस?’

आणि इंग्रजी दुनळ्यांचे ते विचित्र आकडे, .४६५, .४७०, .४७५, त्यांचं मूळ आपल्या हिंदुस्थानात आहे. बंडखोरांच्या हाती पडलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री या सैनिकी रायफलीत .४५० ची गोळी चालेल, या भीतीने सरकारने १९०७ साली त्या बोअरवर बंदी घातली. मग बंदूकवाल्यांनी बंदीच्या आकड्याला वळसा घालून जवळपासचे सगळे आकडे काढले. सरकारी बंदी आणि तिला वळसा, ही विद्या तेव्हाही होती.

.३३८ आणि ७ मिमी रेमिंग्टनबद्दल मी भाईला फार लिहिलं नाही. चांगली काडतुसं, पण बफेलोसाठी नव्हेत. .३०० चा मोह मात्र त्याला होता, कारण तिच्या गोळीची वाट सपाट, तीनशे मीटरवर कुडू हरीण मारायला तिच्यासारखी नाही. मी त्याला इतकंच विचारलं की बफेलो तुला किती अंतरावर मिळणार? झुडपात, पन्नास-साठ मीटरवर. तिथं सपाट वाटेचा उपयोग काय? शिवाय आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक जनावरांसाठी .३७५ हीच किमान मर्यादा धरतात, त्यामुळे .३०० चा प्रश्न तसाही निकालात निघाला.

यावर भाईने अपेक्षेप्रमाणे बेल काढला. डब्ल्यू. डी. एम. बेल हा स्कॉटिश शिकारी, हजाराच्या वर हत्ती मारले, त्यांतले बहुतेक ७ मिमी माउझरच्या चिमुकल्या गोळीने. कमी कॅलिबरच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण शेवटी बेलपाशी येतो. पण बेलने हत्तीची कवटी कापून मेंदू नेमका कुठं असतो ते शिकून घेतलं होतं, तो सैनिकी घन (न फुलणाऱ्या) गोळ्या वापरायचा, आणि रायफल त्याच्या हातात रोज असायची. भाई रोज ऑफिसात असतो.

आता ते कारण. मागच्या वर्षी मी त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा शहराबाहेरच्या एका रेंजवर आम्ही गेलो. शिकवणारा एक म्हातारा आफ्रिकानर (तिथला डच वंशाचा गोरा) गृहस्थ, बोलणं कमी. भाईने .३७५ झाडली, मग .४१६. धक्का हा मोजून सांगायचा झाला तर .३७५ चा .३०-०६ च्या दुपटीच्या आसपास, .४१६ चा तिपटीच्या. पण आकडा खांद्याला कळत नाही. .४१६ च्या काही फेऱ्यांनंतर म्हाताऱ्याने रायफल मागून घेतली, पाठमोरा होऊन काहीतरी केलं आणि परत दिली. भाईने तिकाटण्यावर नळी टेकवली, नेम धरला, चाप ओढला. खट्. बार झालाच नाही, आत नकली काडतूस होतं. पण नळीचं तोंड चार बोटं खाली गेलं, भाईचे डोळे मिटले होते आणि डावा खांदा पुढे आला होता. धक्का यायच्या आधीच अंगाने धक्का घेतला होता. म्हातारा काही बोलला नाही, त्याने फक्त नळीकडे बोट दाखवलं. मग .३७५ दिली, आणि त्यातही मधेमधे तेच नकली काडतूस घालत राहिला. दुपारपर्यंत .३७५ ची नळी त्या खट् आवाजावर जागची हलेनाशी झाली. .४१६ ची शेवटपर्यंत हलत राहिली. मीही .३७५ झाडून पाहिली. चष्मा नाकावर घसरला, पण दुसऱ्या गोळीसाठी नळीच्या टोकाची नेमाची माशी परत निशाण्याच्या कागदावर यायला वेळ लागला नाही.

कॅलिबरच्या वादात मला हा भागच कुठं वाचायला मिळत नाही. तक्त्यात प्रत्येक गोळी नेमक्या जागी लागलेली असते. जास्तीची साडेआठशे फूट-पाउंड ऊर्जा चार बोटं खाली, पोटात लागली, तर ती ऊर्जा कुणाच्याच कामाची नाही. उलट जखमी रेडा उंच गवतात शिरतो आणि त्याच्या मागे जायचं काम भाईच्या आधी तिथल्या वाटाड्याला करावं लागतं. वाटाड्याच्या हातात बहुतेक वेळा काठीच असते.

भाईला मी गोळीबद्दल जास्त लिहिलं, रायफलीबद्दल कमी. पहिली गोळी फुलणारी, पण वरचं तांबं आणि आतलं शिसं एकमेकांना सोडणार नाही अशी घट्ट बांधणीची. तिच्या खाली मॅगझिनमध्ये घन गोळ्या. घन गोळी आरपार जाते, म्हणून कळपात उभ्या जनावरावर ती पहिली वापरायची नाही; मागचं दुसरंच जनावर जखमी होतं. आणि पहिला बार झाला की बघत उभं राहायचं नाही, जोवर ते उभं आहे तोवर झाडत राहायचं. जुन्या माउझर पद्धतीचा बोल्ट असला तर उत्तम: तो काडतुसाचं बूड मॅगझिनमधून निघतानाच नखात धरतो, घाईत बोल्ट अर्धवट ओढला तरी काडतूस निसटून मधे अडकत नाही.

नेम कुठं धरायचा, हे मात्र मी त्याला गव्यावरून सांगितलं. गव्याच्या पाठीवर खांद्यापासून अर्ध्या पाठीपर्यंत जी उंच धार दिसते, ती नुसती मणक्यांच्या लांब काट्यांवर चढलेली मांसाची भिंत आहे. जनावर बाजूने पाहिलं की डोळा त्या उंचीला फसतो आणि ‘मध्यभाग’ वर धरतो. काळीज तिथं नसतंच. ते खाली, पुढच्या पायांच्या मधोमध, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात असतं. बफेलोला एवढी धार नाही, पण तोही वरून भरलेला. पुढच्या पायाच्या रेषेने वर ये आणि एक तृतीयांशावर थांब, असं लिहिलं. त्यावर त्याचं उत्तर आलं, ‘तुला कसं माहीत?’ रस्त्यावर ट्रकने उडवलेला गवा एकदा जवळून पाहिला होता, पोट फाटलेला. ते त्याला लिहिलं नाही.

आमच्या बाजूचा खरा प्रश्न या सगळ्याच्या उलट आहे. इथं कुणी मोठ्या कॅलिबरने चुकत नाही. इथं अंधारात डुकरावर म्हणून झाडलेले छर्रे गव्याला लागतात, तो मरत नाही, जखमेत किडे पडलेला महिनाभर फिरतो, आणि मग कुणी सकाळी काजू वेचायला गेला की त्याच्या अंगावर येतो. लोक म्हणतात, गवे माजले. ठासणीच्या गावठी बंदुका आहेत, क्लचच्या वायरीची फासकी आहेत. डुकरासाठी लावलेल्या फासक्यात बिबटा अडकून कमरेतून चिरतो. बागायतदाराचं नुकसान खोटं नाही, माझ्याही केळी गेल्या आहेत, आणि भरपाईचे कागद करताना जीव मेटाकुटीला येतो. तरीही, मोठ्या जनावरावर लहान हत्यार चालवणं ही त्या जनावराशी केलेली सगळ्यात वाईट वागणूक आहे, असं मला वाटतं. मॅग्नमवाल्यांचा निदान हेतू तरी ते लवकर संपवायचा असतो. बाकी ते का संपवायचं, यावर मामीचं आणि माझं पटतं.

भाईने शेवटी तिथल्या शिकार चालवणाऱ्याकडूनच .३७५ भाड्याने घेतली. पहिली गोळी बरोबर लागली. रेडा तरीही पळाला, आणि दुसरी, तिसरी लागल्यावर झाडाला टेकून बसला. मांस जवळच्या वस्तीत वाटलं, शिंगं त्याने आणली नाहीत. मामीने आधीच बजावलं होतं. गोळी मात्र सापडली, छत्रीसारखी फुललेली, पलीकडच्या कातड्याखाली. तिचा फोटो पाठवला, सोबत लिहिलं, ‘तुझं बरोबर होतं.’

आता त्याला .४१६ रिग्बी विकत घ्यायची आहे. शिकारीला जाणार नाही म्हणतो, एकदा झालं तेवढं पुरे. मग कशाला, असं विचारलं तर म्हणाला, ‘जुन्या मॅग्नम माउझर अ‍ॅक्शनवरची एक बघितली. बोल्ट मागे ओढला ना, की काय आवाज येतो रे!’ त्याच्यापुढे माझ्याकडे एकही मुद्दा नाही. किंमत ऐकून मीच त्याला म्हटलं, दस्त्याचं लाकूड अक्रोडाचं आहे का ते तेवढं नीट बघून घे.